दिवाणखान्यातला कॉम्प्युटर : लाईट आली, रिमोट गेला

मराठी सबटायटल आज घ्यायची ठरली होती, पण ती एक आठवडा पुढे ढकलतो. शेवगाव तालुक्यात वस्तीवर राहणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलंय आणि त्यातल्या एका वाक्यावर आख्खा भाग खर्च करावा असं ते वाक्य आहे.

तक्रार अशी. रात्री लाईट जाऊन लगेच आली की टीव्हीला जोडलेल्या कॉम्प्युटरचा रिमोट चालत नाही. सेल बदलले, दुसरा रिमोट आणला, फरक नाही. समोरचं बटण दाबलं तर कॉम्प्युटर सुरू होतो, सिनेमे लावणारं कोडी उघडतं, माउसने सिनेमाही लागतो. रिमोट मात्र मुका तो मुकाच. आणि मग ते लिहितात, बोर्डातून पिन काढली, जेवण झाल्यावर परत लावली, की सगळं आपोआप ठीक होतं.

दुखणं कळलं ते या शेवटच्या वाक्यामुळे. बंद-चालू करून जे जात नाही आणि पिन काढल्यावर जातं, ते रिमोटचं नसतं, सॉफ्टवेअरचंही नसतं. ते विजेचं असतं. लोक रिमोटवर पैसे घालत राहतात आणि खरं कारण भिंतीतल्या वायरीतून येत असतं. हे मला आज मनापासून सांगायचंय.

आधी रिमोटला निर्दोष ठरवू. मोबाईलचा सेल्फी कॅमेरा चालू करा, रिमोटचं टोक त्याच्याकडे धरा आणि कुठलंही बटण दाबून ठेवा. डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड दिवा पडद्यावर जांभळट-पांढरा लुकलुकताना दिसतो. मागच्या कॅमेऱ्याला बहुधा इन्फ्रारेड अडवणारी काच असते, म्हणून पुढचाच वापरा. दिवा लुकलुकला तर सेल आणि रिमोट ठीक. पुढचा तपास रिसीव्हरचा.

आता प्रश्न असा की कॉम्प्युटर बंद असताना रिमोटचं ऐकतं कोण? आपण ‘बंद’ म्हणतो तेव्हाही कॉम्प्युटरला वीज देणाऱ्या एसएमपीएसमधला एक छोटा भाग जागा असतो आणि तो सतत पाच व्होल्ट देत राहतो. मदरबोर्डात जाणाऱ्या चोवीस पिनांच्या जाड कनेक्टरमध्ये एकच जांभळी वायर असते, ती हीच. या पाच व्होल्टवर पॉवर बटणाचं सर्किट चालतं, झोपेतून उठवणारी यंत्रणा चालते आणि यूएसबीला लावलेला रिमोटचा रिसीव्हरही चालतो. त्या रिसीव्हरमध्ये एक इवलीशी चिप असते. रिमोटचा दिवा सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकतो, त्यातून बटणाचा आकडा ओळखायचा आणि कॉम्प्युटरला कळवायचा, एवढंच तिचं काम.

लाईट पूर्ण गेली आणि बराच वेळ गेली, तर पाच व्होल्ट शून्यावर येतात आणि लाईट आल्यावर ही चिप नव्याने कामाला लागते. काही बिघडत नाही. घोटाळा होतो तो लाईट अर्धवट गेल्यावर. बल्ब पिवळा पडतो, पंखा मंदावतो, क्षणात सगळं पूर्ववत होतं. तेवढ्या वेळात पाच व्होल्ट दोन-तीनपर्यंत घसरून परत वर आलेले असू शकतात. चिप पूर्ण बंदही पडली नाही आणि धड चालूही राहिली नाही. तिला नवी सुरुवात मिळालीच नाही, ती अडकून बसली. समोरच्या बटणाने कॉम्प्युटर कितीही वेळा बंद-चालू करा, जांभळ्या वायरीतले पाच व्होल्ट तुटतच नाहीत, म्हणून चिपही सुटत नाही. पिन काढली की मात्र सुटते.

तेव्हा तातडीचा उपाय पहिल्यांदा. भिंतीवरचं बटण बंद करून पिन काढा, मग कॉम्प्युटरचं पॉवर बटण दहाएक सेकंद दाबून धरा म्हणजे कपॅसिटरमध्ये उरलेला चार्ज निघून जाईल. अर्धा मिनिट थांबा आणि पिन लावा. जेवण होईपर्यंत वाट पाहायची गरज नाही. हे वरचेवर घडत असेल तर कारागिराकडून जांभळ्या वायरीवर मल्टिमीटर धरून घ्या. ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या मध्ये आकडा हवा. कमी दिसला तर एसएमपीएस थकलाय, तो बदला. स्वतः उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि पिन काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

पण लाईट अर्धवट का जाते, हे पाहिल्याशिवाय वस्तीवरच्या माणसाचं समाधान व्हायचं नाही. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात वीज आली ती मोठ्या प्रमाणात विहिरीवरच्या मोटारीसाठी. श्रीरामपूर-राहुरीकडच्या जुन्या मंडळींना मुळा-प्रवरा वीज संस्था आठवत असेल. देशातल्या पहिल्या काही ग्रामीण वीज सहकारी संस्थांपैकी ती एक, आणि २०११ मध्ये तिथला पुरवठा महावितरणकडे गेला. कंपनी बदलली तरी वस्त्यांवरची रचना तीच राहिली, मोटारीसाठी ओढलेल्या तारेवरच घराचा दिवा. गावठाणाचा फीडर बऱ्याच ठिकाणी वेगळा झाला, त्यामुळे गावातल्या घरांना मोटारींचा त्रास कमी होतो. वस्ती मात्र शेतीच्याच फीडरवर, शेतीच्याच डीपीवर.

थ्री फेजची पाळी काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री असते. रात्री अंधारात विहिरीवर कोण जाणार, म्हणून स्टार्टरला ऑटो स्विच लावलेला असतो. थ्री फेज आली की डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. दहा मोटारी एका क्षणी उठल्या तर घरातला व्होल्टेज कोसळणारच, आणि तोच क्षण आपला रिसीव्हर अडकवतो. ऑटो स्विच काढा, मोटारीला कपॅसिटर बसवा, असं महावितरण वर्षानुवर्षं सांगतंय ते डीपी जळू नये म्हणून. मी आज तेच टीव्हीसाठी सांगतोय. कपॅसिटरने तारेतला करंट कमी होतो आणि डीपीवरच्या प्रत्येक घराचा व्होल्टेज सावरतो. शेतीला दिवसा सौर वीज देण्याच्या सरकारी योजनेतल्या अगदी सुरुवातीच्या दोन जागांपैकी एक आपल्या पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी होतं. अशा फीडरवर मोटारी दिवसा चालतात आणि रात्रीची पाळी टळते. संध्याकाळी सिनेमा पाहणाऱ्याला त्याचाही फायदाच.

घरात काय करता येईल? इन्व्हर्टर असेल तर त्याच्या पाठीमागचा छोटा खटका बघा. एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको असं लिहिलेलं असतं. नॉर्मलवर इन्व्हर्टर फार खालचा व्होल्टेजही तसाच घरात सोडतो, कधी कधी शंभरच्या आसपास, आणि बॅटरीवर जायला चाळीस मिलिसेकंदांपर्यंत घेऊ शकतो. आपल्या विजेचा एक फेरा वीस मिलिसेकंदांचा, आणि चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो. खटका यूपीएसवर केला की बहुतेक इन्व्हर्टर १८० व्होल्टच्या आसपासच बॅटरी घेतात आणि अदलाबदलही लवकर करतात. मात्र तुमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १८० च्या वर जातच नसेल, तर यूपीएसवर बॅटरी रोज उपसली जाईल. तिथे खटका नॉर्मललाच राहू द्या आणि फक्त कॉम्प्युटरपुरता ६०० व्हीएचा, आत व्होल्टेज सावरणारा एव्हीआर असलेला छोटा यूपीएस लावा.

बायोसमधल्या दोन गोष्टीही पाहून घ्या. एक ‘ईआरपी’. युरोपने २०१३ पासून बंद यंत्राने अर्ध्या वॉटपेक्षा जास्त वीज खाऊ नये असा नियम केला, त्यासाठीची ही सोय. ती चालू असेल तर बंद अवस्थेत यूएसबीचे पाच व्होल्ट तोडले जातात आणि रिमोटने कॉम्प्युटर कधीच सुरू होत नाही. ती बंद ठेवा. दुसरी, लाईट परत आल्यावर काय करायचं ती सेटिंग. ‘पॉवर ऑन’ ठेवली असेल तर रात्री दोनला लाईट आली की कॉम्प्युटरही उठतो, आणि लाईट तीनदा नाचली तर तीनदा अर्धवट सुरू होऊन हार्डडिस्कवर ताण येतो. आपल्याकडे ‘पॉवर ऑफ’च योग्य.

रास्पबेरी पाय वापरणाऱ्यांना एवढंच सांगतो : पडद्याच्या कोपऱ्यात पिवळ्या विजेचं चिन्ह चमकलं तर पुरवठा ४.६३ व्होल्टच्या खाली गेलाय. बारीक वायरीचा मोबाईल चार्जर काढा आणि पायचाच अ‍ॅडॉप्टर लावा.

शेवगावच्या वाचकांना आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांना एक विनंती. पुढचा आठवडाभर रिमोट मुका झाला की कॅलेंडरवर वेळ लिहा आणि शेजारी थ्री फेज कधी आली ते लिहा. वेळा जुळल्या तर नवा रिमोट घेऊ नका. ते पैसे मोटारीच्या कपॅसिटरला आणि छोट्या यूपीएसला लावा, आणि डीपीवरच्या शेजाऱ्यांनाही कपॅसिटर घ्यायला लावा, कारण एकट्याने बसवून पुरेसा फरक पडत नाही. निरीक्षणं मला जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात मराठी सबटायटल.