काड्या जळाल्या, कागद महागला

काड्यांनी भरलेली काडेपेटी आज दोन रुपयांना मिळते. २००७ साली ती पन्नास पैशांवरून रुपयावर गेली आणि १ डिसेंबर २०२१ पासून रुपयावरून दोन रुपयांवर. जुन्या पेटीवरचा नुसता छापील कागद मात्र, तो दुर्मीळ निघाला, तर शेकडो रुपयांना जातो. काडी नाही, गुल नाही, पेटीसुद्धा नाही, तरी एवढी किंमत कशाची?

उत्तर अंबरनाथमध्ये सापडतं. १९२२ साली सरकारने परदेशी काडेपेट्यांवर ग्रोसला, म्हणजे १४४ पेट्यांना, दीड रुपया जकात लावली. जकात चुकवायचा सरळ मार्ग म्हणजे इथेच माल बनवणं. स्वीडनच्या काडेपेटीसम्राटांनी १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी काढली. हीच विम्को, आणि तिचा मोठा कारखाना अंबरनाथला होता. शहरातला एक नाका आजही तिच्याच नावाने ओळखला जातो.

अशा कारखान्यांतून अगणित पेट्या बाहेर पडल्या. मग त्यांची लेबलं दुर्मीळ कशी? कारण ती टिकावीत म्हणून कोणी छापलीच नव्हती. पेटी चुलीपाशी काळवंडे, पावसात सादळे, आणि काड्या संपल्या की चुलीतच जाई. १९३४ च्या कायद्याने काडेपेटीवर उत्पादन शुल्क आलं, तेव्हा ते भरल्याची खूण म्हणून पेटीला कागदी पट्टी चिकटवली जाऊ लागली. पट्टी फाडल्याशिवाय पेटी उघडतच नसे! म्हणून अखंड पट्टीची पेटी हाती आली, की संग्राहक हरखतो.

दाम वाढले की नकलाही येतात. पण खरी गंमत पुढेच आहे, कागद स्वतःच साक्ष देतो. जुनं शिळाछाप लेबल भिंगाखाली धरा, रंगाचे ठिपके वेडेवाकडे, हाताने मांडल्यासारखे दिसतात. ऑफसेटवर छापलेल्या नकलेत तेच ठिपके शिस्तीत, जाळीसारखे बसलेले असतात. मग खोलीत अंधार करा आणि अतिनील दिवा लावा. पांढरेपणासाठी कागदात चमक आणणारी रसायनं घालायची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली. त्यामुळे १९३० चं म्हणून विकलेलं लेबल निळसर झळाळलं, तर सौदा तिथेच थांबवावा.

वस्तूची लबाडी अशी पकडता येते, माणसाची कशी पकडणार? जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून शुल्क उकळणाऱ्यांपासून सावध राहा, असं बँकेला २०२१ च्या ऑगस्टमध्ये जाहीर करावं लागलं. तिथे विकणाराच फसतो. लेबलांतही तोच धोका असतो. उल्हासनगरच्या रद्दीवाल्याला किंवा बदलापूरच्या आजींना आपल्याकडच्या कागदाचं मोल ठाऊक नसतं, घेणाऱ्याला असतं. म्हणून सचोटीचा संग्राहक आधी वस्तू काय आहे ते सांगतो, फाटलं-डागलेलं दाखवतो आणि मगच भावाची गोष्ट काढतो.

भरलेल्या पेटीवर कमाल किंमत छापलेली असते. सुट्या लेबलाला ती नसते. तिथे भाव ठरतो तो दोघांपैकी ज्याला जास्त कळतं, त्याच्या इमानावर.