ठिपक्यांचा हिशेब

मैसुरूच्या लष्कर मोहल्ल्यात सकाळी बाहेर पडले, की अशोक रस्त्यावरील सेंट फिलोमिना चर्चचे दोन उत्तुंग मनोरे प्रथम नजरेत भरतात. १९३३ साली महाराजा कृष्णराज वडियार चौथे यांच्या हस्ते या वास्तूची पायाभरणी झाली. जर्मनीतील कोलोनच्या कॅथेड्रलचा आदर्श समोर ठेवून उभारलेले हे मनोरे सुमारे १७५ फूट उंच आहेत. बदलीच्या निमित्ताने या मोहल्ल्यात राहावयास आलो, तेव्हा त्यांचे छायाचित्र मी पुण्यास घरी पाठविले. उत्तर आले, "तिकडे धुके फार पडते का हो?" वास्तविक आकाश निरभ्र होते. धुके शिरले होते ते एका मोबाईलपासून दुसऱ्या मोबाईलपर्यंतच्या प्रवासात.

तेव्हा हसून सोडून दिलेली ही गोष्ट काही महिन्यांनी एका ग्राहकाच्या व्यवसायावर बेतली, आणि त्यात माझाही हात होता.

शिसवी लाकडावरील जडावकाम ही मैसुरूची जुनी ख्याती. शिसवीच्या गडद फळीत नेमके खाचे कोरून त्यांत अन्य लाकडांचे पातळ तुकडे बसवावयाचे आणि चित्र साकारावयाचे. पूर्वी हस्तिदंत वापरीत. त्यावर बंदी आल्यानंतर निरनिराळ्या नैसर्गिक रंगांची लाकडे आली. फणसाचा पिवळेपणा हा फणसाचाच असतो. आमचे एक वयोवृद्ध ग्राहक हेच काम करतात. परदेशी खरेदीदाराला पाठविण्यासाठी त्यांच्या नातवाने वीस स्लाइडचे सुरेख सादरीकरण तयार केले. फाइल झाली ४० एमबींची. ई-मेलने ती स्वीकारली नाही. ते बँकेत आले तेव्हा मीच मोठ्या आत्मविश्वासाने संगणकावर 'चित्रे संकुचित करा' हा पर्याय शोधला, त्यात 'ई-मेल' निवडले आणि फाइल चुटकीसरशी लहान करून दिली.

खरेदीदाराने विचारले, "ही चित्रे रंगविलेली आहेत की छापलेली?"

चाचा मला एवढेच म्हणाले, "साहेब, महिनाभर बसून एकेक तुकडा बसवला आहे. रंगाचा डबा तर माझ्या कारखान्यात नाहीच."

काय हरवले?

संगणकावरील चित्र म्हणजे ठिपक्यांची, अर्थात पिक्सेलची रांगोळी. मोबाईलच्या छायाचित्रात आडवे ४००० आणि उभे ३०००, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके सहज असतात. पॉवरपॉइंटची रुंद स्लाइड १३.३३ इंचांची. 'ई-मेल' पर्यायात प्रत्येक इंचाला केवळ ९६ ठिपके उरतात. चित्राने अर्धी स्लाइड व्यापली असेल, तर आडव्या ४००० ठिपक्यांचे ६४० झाले. क्षेत्रफळाच्या हिशेबाने सुमारे ३९ ठिपक्यांच्या जागी एक ठिपका आला. दोन लाकडांमधील केसाएवढी सांध्याची रेघ त्यातच नाहीशी झाली. आणि सांधा दिसला नाही, की जडावकाम आणि रंगकाम यांत फरक तो काय?

दुसरी घट जेपेग पद्धतीत होते. १९९२ साली प्रमाणित झालेल्या या पद्धतीत चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून डोळ्यांना कमी जाणवणारा तपशील वगळला जातो. तिच्या मुळाशी असलेले गणित नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केले. नासिर अहमद यांचा जन्म १९४० सालचा, बंगळूरचा. ही पद्धत छायाचित्रांसाठी उत्तम. परंतु तीच फाइल पुनःपुन्हा उघडून जतन केली, की प्रत्येक वेळी थोडे काही गळते. गेलेला ठिपका चित्र मोठे करून परत येत नाही.

मग करावे काय?

प्रथम, मूळ छायाचित्रे वेगळी जपावीत आणि प्रत्येक नवी फाइल त्यांवरूनच करावी. पॉवरपॉइंटच्या अनेक आवृत्त्यांत फाइल जतन करताना चित्रे आपोआप संकुचित होतात. प्रगत पर्यायांत जाऊन 'फाइलमधील चित्रे संकुचित करू नका' ही खूण आधीच करावी. तक्ते, आलेख व अक्षरे असलेल्या चित्रांसाठी जेपेगऐवजी पीएनजी वापरावे, त्यात तपशील गळत नाही. तक्त्याचा फोटो चिकटविण्यापेक्षा तो स्लाइडवरच टंकित करणे अधिक चांगले. पीडीएफ करताना 'किमान आकार' न निवडता 'प्रमाणित' निवडावे.

फाइल मोठी झाली, तर ती चिरडण्यापेक्षा ऑनलाइन साठवणीत ठेवून तिचा दुवा पाठवावा. जीमेलची जोडपत्राची मर्यादा २५ एमबी आहे; दुव्याला ती आड येत नाही. व्हॉट्सअॅपवर पाठवावयाचे तर 'फोटो' म्हणून न पाठविता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे. ऑनलाइन बैठकीत इंटरनेट मंद असेल, तर स्वतःचा कॅमेरा बंद करावा, स्लाइड बदलल्यावर क्षणभर थांबावे आणि फाइल श्रोत्यांकडे आधीच पोहोचवावी.

आकड्यांची गोष्ट

बँकेच्या ग्राहकाला हा विषय केवळ सौंदर्याचा नाही. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले, की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रे नकाशा स्कॅन करताना आकडेच बदलीत होती. २१.११ आणि १७.४२ चौरस मीटरच्या खोल्या १४.१३ च्या झाल्या होत्या. सारखे दिसणारे भाग एकदाच साठवून जागा वाचविण्याच्या पद्धतीचा तो परिणाम होता. विशेष म्हणजे तो आकडा धूसर नव्हता. अगदी स्वच्छ, परंतु चुकीचा होता. म्हणून स्कॅन केलेली कागदपत्रे पाठविण्यापूर्वी आकडे मूळ कागदाशी ताडून पाहावेत.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. स्लाइडवर पासबुकाचे चित्र घेऊन खाते क्रमांकाचा भाग कापला, तरी तो फाइलमध्ये दडून राहू शकतो. मिळविणारा तो पुन्हा उघडू शकतो. असे चित्र स्लाइडवर घेण्यापूर्वीच कापावे, अथवा 'कापलेले भाग काढून टाका' हा पर्याय वापरावा. दुवा कोण उघडू शकेल, हेही तपासावे.

चाचांच्या नातवाने मूळ छायाचित्रांवरून नवी फाइल केली, प्रत्येक वस्तूसोबत एका सांध्याचे अगदी जवळून घेतलेले चित्र जोडले आणि या वेळी दुवा पाठविला. खरेदीदाराचे उत्तर आले. मागणीबद्दल त्यात अद्याप काही नव्हते. मोराच्या मानेतील पिवळे लाकूड कोणते, एवढेच त्याने विचारले होते. चाचांनी ते पत्र मला दोनदा वाचावयास लावले आणि म्हणाले, "आता त्याला लाकूड दिसले."