बॅच पुढे गेली, आता कट्ट्यावर कोण?

जून-जुलैत साताऱ्याच्या पोवई नाक्यावर किंवा सांगलीच्या विश्रामबागेत एक ठरावीक विद्यार्थी हमखास दिसतो. कॉलेज त्याला पाठ असतं. कँटीनवाला त्याला नावाने हाक मारतो, ग्रंथालयात त्याचं कार्ड कुणी मागत नाही. पण डबा कुणाबरोबर खायचा, हे त्याला ठाऊक नसतं. बरोबरचे काही हिंजवडी-चाकणला लागलेले असतात, काही पुण्यात कॉट बेसिसवर राहून एमपीएससीच्या मागे असतात, एखाद्याने गावी जाऊन शेती किंवा दुकान हातात घेतलेलं असतं. हा मात्र इथेच.

त्याच्याबद्दल आणि त्याच्या मनातही बरेच गैरसमज असतात. पहिला बाहेरच्यांचा: बॅच गेल्यावरही जो कॉलेजात दिसतो, तो नापास झालेला असणार.

वर्ष गेलेले विद्यार्थी असतातच, नाही असं नाही. पण बीएस्सीनंतर त्याच आवारात एमएस्सी करणारे, आजारपणात एक सत्र बुडालेले, घरच्या अडचणीने मध्ये थांबून परत आलेले, असेही बरेच असतात. सांगलीचं विलिंग्डन महाविद्यालय १९१९ चं, साताऱ्याचं यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स १९५८ चं. दोन्हीकडे पदवीच्या पुढचं शिक्षण त्याच इमारतींत होतं. आता त्यात नव्या शैक्षणिक धोरणाची भर पडली आहे. पदवी तीन वर्षांनी घेऊन बाहेर पडा किंवा चौथं वर्ष करून ‘ऑनर्स’ घ्या, अशी सोय राज्यातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि इतर संलग्न महाविद्यालयांत त्यानंतरच्या वर्षापासून लागू झाली. आजवर बीए-बीएस्सीची सगळी पलटण एकाच निकालाच्या दिवशी बाहेर पडायची. यापुढे ती तिसऱ्या वर्षाच्या शेवटी फुटणार. निम्मा ग्रुप निघून गेला आणि आपण उरलो, ही वेळ आता पहिल्या श्रेणीत येणाऱ्या मुलीवरही येऊ शकते.

दुसरा गैरसमज खुद्द त्या विद्यार्थ्याचा असतो. आपलं वर्ष गेलंय हे वर्गात शिरताच सगळ्यांना कळतं आणि सगळे तेच बघतात, अशी त्याची खात्री असते. कॉर्नेल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली याच भावनेवर एक गमतीशीर प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्याला लाज वाटेल असा, बॅरी मॅनिलो या गायकाचं चित्र असलेला टीशर्ट घालून त्याला इतर मुलं बसलेल्या खोलीत पाठवलं. ‘किती जणांनी तो पाहिला असेल?’ या प्रश्नावर टीशर्ट घालणाऱ्यांचा अंदाज साधारण निम्म्यांचा निघाला. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या ते लक्षात आलं होतं. समोरची मुलं बहुतेक वेळा स्वतःच्याच टीशर्टच्या काळजीत असतात. (पाहुणेमंडळी मात्र या संशोधनाला अपवाद. लग्नकार्यात ‘कितवीला आहेस आता?’ हा प्रश्न चुकत नाही.)

सगळ्यात चिवट समज तिसरा. मैत्री पहिल्याच वर्षी होते, नंतर ग्रुप बंद होतात, असं जवळपास प्रत्येक जण म्हणतो. अभियांत्रिकी महाविद्यालयांत तर हे उघड खोटं आहे. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात काय किंवा साताऱ्यातल्या कॉलेजांत काय, दहावीनंतर तंत्रनिकेतनातून डिप्लोमा केलेली मुलं थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतात. वर्गाची पहिली वर्षभराची ओळखपाळख त्यांच्याविनाच झालेली असते. तरीही पदवीच्या दिवशीच्या फोटोत ‘डिप्लोमावाले’ कडेला उभे नसतात. म्हणजे दरवर्षी प्रत्येक वर्गात नव्याने मित्र जमवणारी मुलं असतातच. मागे राहिलेल्याने त्यांच्याच बाकावर बसायला हरकत नाही, कारण त्यांनाही कुणीतरी हवंच असतं.

मुळात पहिल्या वर्षी मैत्री झाली कशी, हे कुणी तपासत नाही. आपल्याकडे प्रॅक्टिकलची बॅच हजेरीपटावरून पडते आणि हजेरीपट बहुधा आडनावांवरून. त्यामुळे पाटील, पवार, पिसाळ एका टेबलाशी येतात, एकच ब्युरेट वापरतात, एकमेकांचं जर्नल उतरवतात आणि पुढे जन्मभर ‘आमचं जमलंच पहिल्यापासून’ असं सांगत राहतात. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्य पोलिसांच्या प्रशिक्षण केंद्रात मॅडी सीगल यांनी १९७४ साली नेमकं हेच दाखवलं. तिथे खोल्या आणि बाकं आडनावांच्या वर्णक्रमाने मिळत होती आणि मित्रही बहुतेक वर्णक्रमाने शेजारचेच निघाले. जर्मनीत लाइपझिगला २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्याच दिवशी विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या टाकून खुर्च्या दिल्या होत्या. शेजारी किंवा एकाच रांगेत बसलेल्यांची मैत्री वर्षभरानंतरही इतरांपेक्षा घट्ट होती. स्वभाव, आवडी जुळणं हे सगळं खरं, पण त्याआधी खुर्ची जुळावी लागते.

पुन्हा प्रवेश घेतलेल्यांची नावं पुष्कळदा हजेरीपटाच्या शेवटी जातात. ते अपमानास्पद वाटतं, पण त्या शेवटच्या बॅचमध्ये थेट दुसऱ्या वर्षाला आलेले, बदली होऊन आलेले आणि उशिरा प्रवेश घेतलेले असे सगळे सुटे लोक एकत्र येतात. मैत्रीच्या दृष्टीने वर्गातली ही सगळ्यात मोकळी जागा असते.

उरतो वेळेचा हिशोब. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये अंदाज मांडला तो असा: नुसत्या ओळखीतून जुजबी मैत्रीपर्यंत जायला साधारण ५० तास लागतात, मित्र म्हणावं असं नातं व्हायला ९० आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. त्यांनी नव्या गावी राहायला गेलेली माणसं आणि कॉलेजात नव्याने आलेली मुलं अभ्यासली होती. सोबत त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. वर्गात किंवा कामावर नुसते एकत्र घालवलेले तास फारसे कामी येत नाहीत, गप्पा, खाणं आणि भटकणं यांचे तास येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या हिशोबाने वर्षाला १८० दिवस अध्यापनाचे. लेक्चर संपल्यावर त्याच टोळक्याबरोबर रोज तासभर चहा घेतला तरी वर्षाअखेरी १८० तास भरतात. आकडे काही पंचांगातले मुहूर्त नव्हेत, पण ‘महिना झाला, कुणी विचारत नाही’ म्हणून खचलेल्याला त्यांचा उपयोग होतो. महिन्याभरात ५० तासही झालेले नसतात.

‘ज्युनिअर पोरांत कसं बसायचं?’ हा पुढचा अडसर. वीस आणि बावीस यांत असा किती फरक? साताऱ्याचा इतिहास तर या संकोचाच्या थेट उलट साक्ष देतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात काढलेल्या वसतिगृहात वेगवेगळ्या जातींची आणि वयांची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग असं नामकरण झालं. तिथली कामंही मुलंच करायची. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं आणि ‘कमवा आणि शिका’ या नावाखाली तीच पद्धत पदवीच्या वर्गापर्यंत पोहोचली. एका शेतात खुरपणाऱ्या मुलांना एकमेकांचं वर्ष विचारायची गरज पडत नाही.

याच मातीतलं दुसरं उदाहरण यशवंतराव चव्हाणांचं. कराडच्या टिळक हायस्कूलचा हा विद्यार्थी १९३२ च्या कायदेभंगात अठरा महिन्यांची शिक्षा भोगायला गेला, सुटून परतला आणि १९३४ मध्ये, एकविसाव्या वर्षी मॅट्रिक झाला. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून १९३८ मध्ये बीए झाला तेव्हा वय पंचवीस होतं. त्याच्या वयाची मुलं केव्हाच पुढे निघून गेली होती. पण त्या तुरुंगवासात जुळलेल्या मैत्रीत त्याच्याहून तीनेक वर्षांनी मोठे वि. स. पागे होते. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरशी नातं असलेले, पुढे विधान परिषदेचे सभापती आणि रोजगार हमी योजनेचे जनक झालेले तेच पागे. ही मैत्री पुढे कायम टिकली. तुरुंगात जावं असा याचा अर्थ नाही, पण मैत्रीत वयाचा दाखला कुणी मागत नाही, एवढं त्यातून दिसतं.

अडचण वयाची नसते, वागण्याची असते. ज्युनिअर मुलं ‘दादा’, ‘ताई’ म्हणतात आणि ते ऐकायला गोड लागतं. मग दादा नोट्स वाटतो, कोणते सर कडक ते सांगतो, उपदेश करतो आणि शेवटी एकटाच घरी जातो. दादाची गंमत अशी की अभ्यासक्रम बदललेला असल्यामुळे नव्या पॅटर्नची माहिती पोरांकडेच असते. जुन्या प्रश्नपत्रिका याच्याकडे, नवे विषय त्यांच्याकडे. दादाने एकदा ‘मला हे समजावून सांग’ म्हटलं की बरोबरीचं बोलणं सुरू होतं.

काही जण रॅगिंगच्या कायद्याच्या धाकाने ज्युनिअरशी बोलतच नाहीत. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा, विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २००९ चे. बंदी आहे ती छळावर, ओळख करून घेण्यावर नाही. उलट नव्या-जुन्या विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या उपस्थितीत एकत्र यावं म्हणून संस्थांनी सांस्कृतिक आणि खेळाचे कार्यक्रम घ्यावेत, असं आयोगाचे नियमच सांगतात.

‘माझा स्वभावच बोलका नाही’ ही तक्रार खरी असते, त्यावर दिला जाणारा सल्ला मात्र चुकीचा. फ्रेशर्स पार्टी, गॅदरिंग अशा एका रात्रीच्या गर्दीत बुजऱ्या मुलाला ढकलून काही साधत नाही. त्याला हवी असते पुन:पुन्हा तीच माणसं भेटतील अशी जागा, जिथे हाताला काम असल्यामुळे बोलायची सक्ती नसते. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. तिचं खेड्यातलं शिबिर सात दिवसांचं असतं. सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री शाळेच्या वर्गात सतरंज्यांवर गप्पा. झोप वजा केली तर शंभरेक तास होतात. हॉल यांच्या नियमाने श्रमदानाचे तास कमी धरायचे, सतरंजीवरचे मात्र पुरेपूर.

सांगलीत याहून भारी जागा आहे ती नाटकाची. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी याच शहरात ‘सीता स्वयंवर’ रंगवलं, आणि ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन आजही पाळला जातो. कॉलेजच्या एकांकिकेत पहिल्या वर्षाची नायिका, तिसऱ्या वर्षाचा दिग्दर्शक आणि एमएचा प्रकाशयोजनाकार असं मिश्रण सर्रास असतं. तालमी रात्री लांबतात आणि रंगमंचावर न येणाऱ्या मुलालाही नेपथ्याच्या फळ्या धराव्या लागतात. ‘आता वय झालं’ असं बाविसाव्या वर्षी वाटणाऱ्यांसाठी एक माहिती: आंतरविद्यापीठ युवा महोत्सवाची वयोमर्यादा पंचवीस आहे.

या सगळ्यात मुलींचं, विशेषतः रोज गावाहून येणाऱ्यांचं, गणित वेगळं. संध्याकाळच्या तालमीला थांबणं त्यांना जमेलच असं नाही. पण कोरेगाव-सातारा किंवा तासगाव-सांगली या वाटेवर सवलतीच्या पासावर सकाळची ठरलेली एसटी पकडणाऱ्या मुलींचा एक स्वतंत्र वर्ग असतो. त्यात अकरावीची असते, बीएडची असते, नर्सिंगचीही असते. जाता-येता दीड तास, तोही निव्वळ गप्पांचा. या वर्गाची बॅच कधी पास होऊन बाहेर पडत नाही, एक गेली की दुसरी येते.

नवे मित्र म्हणजे जुन्यांशी प्रतारणा, हा भावुक समज थोडक्यात निकालात काढता येतो. सॅम रॉबर्ट्स आणि रॉबिन डनबार यांनी शाळा संपवून पुढे गेलेल्या ब्रिटिश तरुणांचा दीड वर्ष मागोवा घेतला. संपर्क तुटला की मैत्री ओसरते. मुलींच्या मैत्रीला बोलणं तगवतं, मुलांच्या मैत्रीला मात्र एकत्र काहीतरी करणं लागतं, असं त्यांना दिसलं. म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज गुड मॉर्निंग टाकण्यापेक्षा पुण्याहून आलेल्या मित्राबरोबर शनिवारी अजिंक्यतारा चढणं अधिक उपयोगी. सोमवार ते शुक्रवारचा प्रश्न त्याने सुटत नाही, हे वेगळं.

सर्वांत अवघड परिस्थिती ‘वायडी’ (इयर डाउन) लागलेल्याची. त्याला बहुतेकदा वर्गातही बसायचं नसतं, राहिलेले पेपर तेवढे द्यायचे असतात. हजेरी नाही, बाक नाही, प्रॅक्टिकल नाही. घरी बसून अभ्यास होईल हा त्याचा आणि आईवडिलांचा समज पहिल्या महिन्यातच खोटा ठरतो. त्याच्यासाठी सातारा-सांगलीतल्या अभ्यासिका आहेत. स्पर्धा परीक्षांमुळे त्या गावोगाव झाल्या आहेत. राज्यसेवेसाठी खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा अडतीस असल्याने तिथे बावीस वर्षांचा मुलगा सगळ्यात लहान ठरू शकतो आणि कितव्या वर्षाला आहेस हा प्रश्न कुणी उकरून काढत नाही. खुर्ची ठरलेली, चहाची सुट्टी ठरलेली, शेजारी ठरलेला. फक्त त्याचं नाव पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावं. तीन महिने नुसती मान हलवल्यावर ‘भावा, तुझं नाव काय?’ विचारणं फार जड जातं.