मायकोरायझा: जंगलातील मित्रबुरशी शेतात कधी उपयोगी पडते?

मायकोरायझा ही मुळांशी भागीदारी करणारी बुरशी आहे. तिचे धागे केशमुळांहूनही बारीक असतात. मुळांच्या आवाक्याबाहेरील स्फुरद आणि जस्त ते ओढून आणतात. बदल्यात झाड बुरशीला साखर देते.

संशोधन काय सांगते?

सुझान सिमार्ड व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये कॅनडातील जंगलात बर्च आणि डग्लस फर या झाडांमध्ये कार्बनची देवाणघेवाण होत असल्याचे दाखवले. त्यावरून ‘झाडे बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांना अन्न पुरवतात’ असे सर्रास सांगितले जाऊ लागले. २०२३ मध्ये जस्टिन कार्स्ट व सहकाऱ्यांनी आधीचे प्रयोग तपासले, तेव्हा अशा अनेक दाव्यांना जंगलातील पुरावा अपुरा असल्याचे आढळले. मुळांना स्फुरद मिळवून देण्याचे काम मात्र भक्कमपणे सिद्ध झालेले आहे. शेतीसाठी तेच महत्त्वाचे.

बर्च, फर, पाइन यांच्या मुळांवरील बुरशी वेगळ्या गटातील असते. आपल्या बहुतेक पिकांत मुळांच्या पेशींच्या आत शिरणारा अर्बस्क्युलर गट काम करतो. त्यामुळे जंगलातील माती आणून टाकणे हा पर्याय नाही.

कोणत्या पिकात वापरावे?

- कांदा, मिरची, हळद, केळी, लिंबूवर्गीय फळझाडे, मका आणि कडधान्ये यांच्या मुळांत ही बुरशी वाढते.
- कोबी, फुलकोबी, मोहरी, मुळा, पालक आणि बीट यांच्याशी तिचे जमत नाही. तेथे खर्च करू नये.

वापरताना लक्षात ठेवा

- बुरशी मुळांना चिकटून पडली पाहिजे. रोपवाटिकेत किंवा लागवडीच्या वेळी मुळांजवळ द्यावी.
- आधी माती परीक्षण करावे. स्फुरद भरपूर असेल तर पीक बुरशीला थारा देत नाही. डीएपीचा जादा डोस आणि मायकोरायझा एकत्र देणे म्हणजे दोन्ही खर्च वाया.
- कार्बेन्डाझिमसारख्या बुरशीनाशकाची आळवणी सोबत करू नये.
- पाकिटावरील जिवंत घटकांची संख्या आणि अंतिम मुदत पाहावी. मात्रा लेबलप्रमाणे द्यावी.
- वारंवार खोल नांगरट आणि शेत दीर्घकाळ पडीक ठेवणे यामुळे जमिनीतील मूळची बुरशी घटते. आंतरपीक किंवा हिरवळीचे खत घेतल्यास ती टिकते.

पहिल्या वर्षी सर्व क्षेत्रावर खर्च करू नये. चार-पाच ओळी मायकोरायझाविना ठेवाव्यात, बाकी व्यवस्थापन सारखेच ठेवावे आणि काढणीला दोन्हींचे वजन वेगळे घ्यावे. फरक दिसला, तरच पुढील हंगामात क्षेत्र वाढवावे.