संगणकाची पहिली हजेरी

शाळेची घंटा झाली की शिक्षकाचे पहिले काम हजेरी घेण्याचे. संगणकाचेही तसेच आहे. कळ दाबताच मदरबोर्डावरील एका लहानशा चिपमध्ये साठवलेला प्रोग्राम जागा होतो आणि कोणकोणते भाग हजर आहेत ते पाहतो. यास फर्मवेअर म्हणतात.

ही हजेरी दोन प्रकारे होते. पीसीआय पद्धतीने जोडलेले भाग हाक मारली असता ओ देतात. एका मार्गावर 32 जागा असतात. प्रत्येक जागेस फर्मवेअर तिचा क्रमांक विचारते. तेथे इंटेलचा भाग असेल तर 8086 असे उत्तर येते. जागा रिकामी असेल तर नुसते 'एफएफएफएफ'. परंतु काही भाग, उदाहरणार्थ उष्णता मोजणाऱ्या काही चिपा, आपणहून नाव सांगत नाहीत. त्यांची नोंद आधीच यादीत करून ठेवावी लागते.

बहुतेक संगणकांत ही यादी कारखानदाराच्या कुलपात असते. 1999 साली अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत रोनाल्ड मिनिच यांनी खुले फर्मवेअर रचण्यास आरंभ केला. तेथे अनेक संगणक एकत्र जोडून चालवीत. आणि त्या काळचे फर्मवेअर कीबोर्ड नसल्यास अडून बसे! शेकडो यंत्रांपुढे जाऊन कळ कोणी दाबावी? लिनक्सबायोस या नावाने सुरू झालेले ते काम 2008 पासून कोअरबूट म्हणून ओळखले जाते. अनेक क्रोमबुकांत तेच आहे.

कोअरबूटमध्ये प्रत्येक मदरबोर्डासाठी 'डिव्हाइसट्री' नावाची यादी असते. भागापुढे 'ऑन' किंवा 'ऑफ' लिहावयाचे, फर्मवेअर पुन्हा तयार करावयाचे व चिपवर चढवावयाचे. न लागणारा भाग अशा रीतीने वगळता येतो, आणि मुक्या भागाची नोंद करता येते.

मात्र दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. कोअरबूट सर्वच मदरबोर्डांवर चालत नाही. शिवाय नोंद चुकली तर यंत्र सुरूच होणार नाही. म्हणून मूळ फर्मवेअरची प्रत आधी काढून ठेवावी आणि चिपवर बाहेरून लिहिण्याचे साधन जवळ असावे.

किरनापूरसारख्या गावी शाळेस देणगीत जुनी यंत्रे मिळतात. ती निकामी ठरविण्यापूर्वी, बिघाड यंत्राचा आहे की हजेरीचा, एवढे तरी आपल्या मुलांनी तपासावे. ट्रस्टच्या विद्यार्थ्यांपैकी दोघे-तिघे हे शिकले, तरी पुष्कळ खर्च वाचेल.