क्रेडिट म्हणजे नेमकं काय?

क्रेडिट म्हटलं की आपल्याला आधी कार्ड आठवतं. पण शब्द आलाय लॅटिनमधल्या 'क्रेडेरे'वरून. अर्थ, विश्वास ठेवणे. त्यावरून 'क्रेडिटुम', म्हणजे विश्वासाने सोपवलेली वस्तू, कर्ज. १६व्या शतकात फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत पोचला. गंमत बघा, भाषातज्ज्ञ आपल्या 'श्रद्धा' शब्दाचं मूळही तेच मानतात! मराठीत क्रेडिटला आपण 'पत' म्हणतो. पतपेढीतली पत तीच.

बँक कर्ज देताना क्रेडिट स्कोअर बघते, म्हणजे मागची फेड बघते. आपण मात्र गिऱ्हाइकाचा फक्त चेहरा बघतो. माझ्या पहिल्या दुकानात मी वहीत रक्कम लिहायचो, पण 'कधी देणार?' हे विचारायला लाज वाटायची. निम्मी उधारी बुडाली, आणि गिऱ्हाईकंही तुटली.