गिरडचे गोटे आणि मूत्रपिंडातील खडे

वर्धा जिल्ह्यातील गिरड येथे शेख फरीद यांच्या दर्ग्याची टेकडी आहे. तिच्यावर सुपारी-जायफळासारखे वाटोळे दगड सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या वणजाऱ्यांच्या मालाचे दगड झाले, अशी दंतकथा आहे. भूशास्त्राच्या दृष्टीने ते झिओलाइट गटातील खनिजांचे गोळे होत. काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत पाणी झिरपले, त्यातील द्रव्ये थरांनी साचत गेली.

मूतखड्याची जातकुळी थोडीफार अशीच. लघवीत कॅल्शियम ऑक्झलेटसारखे क्षार मावेनासे झाले की त्यांचे स्फटिक बनतात. लघवी रेंगाळली, तर त्यांना वाढायला सवड मिळते.

काहींच्या मूत्रपिंडाची घडणच जन्मतः लघवी रेंगाळेल अशी असते. गर्भात मूत्रपिंडे ओटीपोटात तयार होऊन वर सरकतात आणि सरकताना वळतात. सुमारे 500 जणांत एकाची मूत्रपिंडे खालच्या टोकांशी जुळून घोड्याच्या नालासारखी होतात. जुळलेला भाग महारोहिणीतून पुढे निघणाऱ्या एका रोहिणीखाली अडकतो. वर जाणे थांबते, वळणेही अपुरे राहते. मूत्रनलिका उंचावरून निघते व या जोडावरून खाली उतरते. तोटी तळाऐवजी काठाजवळ बसवलेला हौद डोळ्यांपुढे आणा!

लंबवर्तुळाच्या एका नाभीपाशी निघालेले तरंग परावर्तित होऊन दुसऱ्या नाभीपाशी एकवटतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. याच तत्त्वाने आघात-तरंग बाहेरून सोडून 1980 साली म्यूनिक येथे प्रथमच रुग्णाचा खडा फोडला गेला. युक्ती मोठी सुंदर. पण आपल्या हौदात खडा फुटला, तरी चुरा बाहेर कसा पडणार?

म्हणून मोठ्या खड्यासाठी येथे पाठीतून शिरणे बरे. ही पद्धत 1976 साली स्वीडनमधील फर्नस्ट्रॉम व योहान्सन यांनी मांडली. सुमारे 1 सेंटिमीटर रुंदीच्या वाटेने दुर्बीण आत घालतात, श्राव्यातीत कंपनांनी खडा फोडतात आणि तुकडे ओढून घेतात. नेहमीच्या मूत्रपिंडात बरेचदा खालच्या कप्प्यातून शिरतात. नालाकृती मूत्रपिंडात मात्र वरचा कप्पा सोयीचा, कारण तो पाठीकडे असतो. शिवाय सारे मूत्रपिंडच खाली राहिल्याने फुप्फुसाच्या आवरणाला इजा होण्याची भीती कमी. वाट मात्र लांब पडते. कधी मोठे आतडे मूत्रपिंडाच्या मागे आलेले असते आणि सुई त्यातूनच जाण्याचा धोका असतो; म्हणून आधी सीटी स्कॅन पाहतात. जोडाजवळच्या कप्प्यात तुकडा राहिलाच, तर सरळ दुर्बीण तेथवर वळत नाही. तेथे लवचीक दुर्बीण लागते, नाहीतर दुसरी वाट पाडावी लागते.